इंडस्ट्रीवाल्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत ॲडमिशन घेताय? ठाणे-नवी मुंबईच्या मुलांसाठी आणि आईबाबांसाठी, पहिल्यापासून शेवटपर्यंत

बारावीचा रिझल्ट जवळ आला की ठाण्यापासून पनवेलपर्यंत होर्डिंग सुरू होतात. इंडस्ट्री इंटिग्रेटेड डिग्री, स्टार्टअप कॅम्पस, शेकडो कंपन्यांशी एमओयू म्हणजे सहकार्याचे करार, आणि खाली कोट घातलेली हसणारी मुलं. यातलं सगळं खोटं असतं असं अजिबात नाही. काही ठिकाणी खरंच चांगलं काम चालतं आणि मुलं तिथून तयार होऊन बाहेर पडतात, पण होर्डिंग सगळ्यांचं सारखंच दिसतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी रबाळे एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत काम करते, आम्ही कंट्रोल पॅनेल बनवतो, आणि इंटर्न घेण्याचं काम माझ्याकडे असतं. म्हणजे ज्याला युनिव्हर्सिटीवाले इंडस्ट्री म्हणतात त्या बाजूला मी बसते. कुठून आलेल्या मुलाला वायरिंगचं ड्रॉइंग वाचता येतं, आणि कुठून आलेला मुलगा पहिल्या दिवशी फक्त सर्टिफिकेट कधी मिळेल विचारतो, हे आम्हाला दिसत असतं. त्यामुळे माझं सांगणं एकच आहे. एमओयू किती आहेत ते विचारू नका, आमच्या पोराच्या टाईमटेबलमध्ये कंपनी कुठल्या सेमिस्टरला, कुठल्या दिवशी, कुणाच्या रूपात येते ते विचारा. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

पहिलं काम: ही नक्की कुठल्या प्रकारची युनिव्हर्सिटी आहे ते बघा

हे कंटाळवाणं वाटेल पण फी, स्कॉलरशिप, ॲडमिशनची पद्धत सगळं यावर ठरतं. आपल्याकडे खाजगी युनिव्हर्सिटी म्हणवणारे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. एक अभिमत म्हणजे डीम्ड, यांना यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याच्या कलम ३ खाली केंद्र सरकार दर्जा देतं. नेरुळचं डी. वाय. पाटील २००२ पासून असं आहे, कामोठ्याचं एमजीएम २००६ पासून. दुसरा प्रकार राज्य खाजगी विद्यापीठ, म्हणजे आपल्या विधिमंडळाने कायदा करून स्थापन केलेलं, जसं पनवेलच्या पुढे भाताणला ॲमिटी युनिव्हर्सिटी मुंबई, २०१४ चं, किंवा खारघरची आयटीएम स्किल्स युनिव्हर्सिटी, २०२३ ची. रतन टाटा महाराष्ट्र राज्य कौशल्य विद्यापीठ मात्र सरकारी आहे, नाव ऐकून बऱ्याच जणांना ते खाजगी वाटतं. आणि मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेली वाशी, नेरुळ, ऐरोली, पनवेलची इंजिनिअरिंग कॉलेजं ही वेगळीच गोष्ट, ती कॉलेजं आहेत, विद्यापीठं नाहीत, डिग्री मुंबई विद्यापीठाची मिळते.

यूजीसीच्या वेबसाईटवर या सगळ्यांच्या याद्या आहेत, डीम्डची वेगळी, राज्य खाजगीची वेगळी, आणि बोगस विद्यापीठांचीसुद्धा वेगळी. नाव स्पेलिंगसकट जुळतं का बघा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि लाखो रुपये भरणारे लोक ते करत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

अजून एक. राज्य खाजगी विद्यापीठाला दुसरी कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत, आणि साधारणपणे आपल्या राज्याच्या बाहेर कॅम्पसही काढता येत नाही. डीम्डचे ऑफ-कॅम्पस असू शकतात पण त्याला रीतसर मंजुरी लागते. तेव्हा ठाण्यात स्टेशनजवळ एखाद्या कमर्शियल बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर कुणी सांगत असेल की आमच्याकडे रोज शिका आणि डिग्री दुसऱ्या राज्यातल्या खाजगी युनिव्हर्सिटीची मिळेल, तर तिथून सरळ खाली उतरा. छत्तीसगडमध्ये २००२ च्या कायद्याखाली शंभराहून जास्त खाजगी विद्यापीठं निघाली होती, कित्येकांकडे धड इमारतपण नव्हती, शेवटी २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रोफेसर यशपाल यांच्या केसमध्ये ती व्यवस्थाच रद्द केली. दारावर नुसती 'कायद्याने स्थापन' अशी पाटी असणं पुरेसं नाही हे तेव्हापासूनच माहीत असायला हवं होतं.

कोर्सचंही वेगळं बघायचं. युनिव्हर्सिटी खरी असली तरी लॉ असेल तर बार कौन्सिल, फार्मसी असेल तर फार्मसी कौन्सिल, आर्किटेक्चर असेल तर त्यांची कौन्सिल, यांची त्या कोर्सला, त्या कॅम्पसला, त्या वर्षासाठी मान्यता आहे का ते बघा. अर्ज केलाय, येईलच, असं उत्तर मिळालं तर ती मान्यता नाही असंच धरून चाला.

नॅक, एनबीए, एनआयआरएफ: काय वाचायचं

नॅक पूर्ण संस्थेला ग्रेड देत आलंय, चारपैकी ३.५१ च्या वर ए प्लस प्लस, ३.२६ ते ३.५० ए प्लस, ३.०१ ते ३.२५ ए. एनबीए एकेका कोर्सला मान्यता देतं, म्हणजे कॉम्प्युटरला असेल पण मेकॅनिकलला नसेल असं होऊ शकतं, त्यामुळे आमच्याकडे एनबीए आहे असं ऐकलं की लगेच कुठल्या ब्रांचला ते विचारा. नवीन युनिव्हर्सिटीला नॅक नसणं हा लगेच दोष नाही, पहिली बॅच बाहेर पडल्याशिवाय ते होतही नाही, पण मग तुमचं पोरगं पहिल्या दुसऱ्या बॅचमध्ये जाणार आहे आणि सगळे प्रयोग त्याच्यावर होणार आहेत हे मान्य करून जायचं.

एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारची शिक्षण संस्थांची क्रमवारी. तिचा रँक बाजूला ठेवा, मला तिच्यासाठी भरलेल्या डेटाची पीडीएफ जास्त आवडते. भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपला डेटा स्वतःच्या वेबसाईटवर टाकावा लागतो, त्यात किती मुलं घेतली, किती वेळेत पास झाली, किती प्लेस झाली, किती पुढे शिकायला गेली आणि मीडियन सॅलरी किती, हे सगळं असतं. बऱ्याचदा वेबसाईटच्या एकदम तळाशी बारीक अक्षरात लिंक असते. होर्डिंगवर हायेस्ट पॅकेज असतं, ते एका मुलाचं. मीडियन म्हणजे सगळ्यांना ओळीने उभं केलं तर मधल्या मुलाला किती मिळाले. तुमचं पोरगं हुशार असेलच, तरी बजेट मधल्या मुलावर मांडा.

प्लेसमेंटचा टक्का विचाराल तेव्हा कशाचा टक्का तेही विचारा. समजा बॅच १२० ची आहे, त्यातले ५० जणच प्लेसमेंटसाठी पात्र ठरवले आणि ४५ जणांना नोकरी लागली, तर ९० टक्के प्लेसमेंट असं छापता येतं, आणि ते खोटंही नाही. तुम्ही १२० पैकी किती ते विचारायचं.

इंडस्ट्रीशी नातं खरं आहे का, ते कसं ओळखायचं

इथे मी जरा लांब लिहिणार आहे कारण हाच भाग आम्हाला आतून दिसतो.

एमओयू म्हणजे काय, तर दोन पानं. आम्ही पण सही केलेली आहे, एका कॉलेजातून सर आले, चहा झाला, फोटो झाला, आणि त्यानंतर कुणाचा फोनही नाही. आमचा लोगो मात्र त्यांच्या ब्रोशरवर अजून आहे. आणि दुसरीकडे एक संस्था अशी आहे जिच्याशी कागद काहीच नाही पण त्यांच्या मॅडम दर सेमिस्टरला दहा-बारा मुलं घेऊन येतात, आधी विचारतात की सध्या लाईनवर काय चालू आहे, आणि परत गेल्यावर मुलांकडून रिपोर्ट लिहून घेतात आणि तो आम्हालाही पाठवतात. खरी इंडस्ट्री लिंक ही मॅडमची.

म्हणून कॅम्पसवर गेलात की हे विचारा. गेल्या वर्षी कुठल्या पाच कंपन्यांनी इंटर्न घेतले, किती घेतले, किती दिवस, स्टायपेंड कुणी दिला. स्टायपेंड कंपनीने दिला असेल तर कंपनीला त्या मुलाचा उपयोग होता. मुलांनी उलट पैसे भरून इंटर्नशिप केली असेल, हल्ली ऑनलाईन हे फार चाललंय, तर ते सर्टिफिकेट विकत घेणं झालं आणि आमच्यासारखे लोक ते सीव्हीत बघून पुढे जातात.

प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस किती आहेत तेही विचारा. यूजीसीने २०२२ मध्ये ही सोय काढली, कंपनीत किंवा व्यवसायात साधारण १५ वर्षं काम केलेल्या माणसाला पीएचडी नसली तरी शिकवायला घेता येतं, मंजूर जागांच्या १० टक्क्यांपर्यंत. चांगली सोय आहे. पण ते साहेब आठवड्याला लेक्चर घेतात की वर्षातून एकदा भाषण देतात, हे टाईमटेबल बघितल्यावरच कळतं. चालू सेमिस्टरचं टाईमटेबल मागा, खरं मागा, नोटीस बोर्डवर लावलेलंच असतं, मोबाईलने फोटो काढा.

मग अप्रेंटिसशिप. आता डिग्रीतच अप्रेंटिसशिप असलेले कोर्स आलेत, यूजीसीने २०२५ मध्ये त्याच्या गाईडलाईन्स दिल्या, शॉर्टमध्ये त्याला एईडीपी म्हणतात. यात तीन वर्षांच्या डिग्रीत एक ते तीन आणि चार वर्षांच्या डिग्रीत दोन ते चार सेमिस्टर मुलगा खऱ्या कंपनीत असतो आणि त्याचे क्रेडिट मिळतात. नॅट्स या केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवरून रीतसर करार झाला तर किमान स्टायपेंडचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलतं, म्हणून छोट्या कंपन्यांनाही ते परवडतं. युनिव्हर्सिटी अप्रेंटिसशिप म्हणत असेल तर नॅट्सवर करार होतो का, एवढं विचारा. होत नसेल तर ती साधी इंटर्नशिप आहे, वाईट नाही, पण वेगळी आहे.

खाजगी विद्यापीठाचा खरा फायदा कुठे आहे तेही सांगते, नाहीतर वाटेल मी नुसती घाबरवतेय. त्यांचा सिलॅबस त्यांच्या हातात असतो. पेपर त्यांचे, परीक्षा त्यांची. इंडस्ट्रीत काही नवीन आलं तर पुढच्या वर्षी ते शिकवायला घेता येतं, ऑटोनॉमस नसलेल्या संलग्न कॉलेजला मात्र विद्यापीठ सिलॅबस बदलेपर्यंत थांबावं लागतं. तेव्हा विचारा की मागच्या दोन वर्षांत सिलॅबसमध्ये काय बदललं आणि बोर्ड ऑफ स्टडीजमध्ये, म्हणजे सिलॅबस ठरवणाऱ्या समितीत, कंपनीतलं कोण आहे. ज्याला हे उत्तर पटकन देता येतं ती जागा जिवंत आहे. आणि याची दुसरी बाजू म्हणजे शिकवणारे तेच, तपासणारे तेच, त्यामुळे सगळ्यांना नऊ पॉइंटर मिळत असेल तर बाहेर त्या नऊला किंमत राहत नाही.

आपल्या भागात असण्याचा फायदा फार मोठा आहे आणि तो कुणी नीट वापरत नाही. ठाणे-बेलापूर रोडच्या कडेने दिघ्यापासून नेरुळपर्यंत टीटीसी एमआयडीसीचा कारखान्यांचा पूर्ण पट्टा, तिकडे तळोजा, इकडे ठाण्यात वागळे इस्टेट, जिथे १९६२ मध्ये एमआयडीसीची सुरुवात झाली. न्हावा शेवाचं बंदर, महापे-ऐरोलीचं आयटी, एपीएमसी मार्केट, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेलं विमानतळ. ऐरोली, रबाळे, महापेला डेटा सेंटरं उभी राहतायत, आणि लोकांना वाटतं तिथे फक्त कॉम्प्युटरवाल्यांना काम आहे, पण डेटा सेंटर चालतं वीज आणि कुलिंगवर, तिथे इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकलची मुलं लागतात, चोवीस तास शिफ्टमध्ये. विमानतळामुळे सगळीकडे एव्हिएशन आणि लॉजिस्टिक्सचे कोर्स निघालेत. लॉजिस्टिक्स मला पटतं, कारण बंदर आधीपासून आहे, वेअरहाऊस आहेत, कस्टम्सचं काम आहे. एव्हिएशनला मात्र आधी बघा की शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी खरंच एखाद्या विमानतळावर काम केलंय.

स्टार्टअपचं स्वप्न असेल तर हे आधी वाचा

कुठल्याही चांगल्या कॅम्पसवर आता इन्क्युबेशन सेंटर, म्हणजे मुलांचे नवे धंदे उभे करायला मदत करणारी जागा, असतं, रंगीत भिंती, बीनबॅग, थ्रीडी प्रिंटर. मी म्हणेन संध्याकाळी सहा वाजता जाऊन बघा. लेक्चर संपल्यावरच मुलांना वेळ मिळतो, आणि तेव्हा कुलूप असेल तर प्रिंटर असून उपयोग काय. चावी कुणाकडे असते, मटेरियलचे पैसे कोण देतं, मशीन वापरल्याचं रजिस्टर आहे का, ते शेवटचं कधी भरलंय. रजिस्टर बघायला मागितलं तर कुणी रागावत नाही.

त्यांनी भिंतीवर ज्या स्टार्टअपची नावं लावलीत ती लिहून घ्या आणि घरी येऊन कंपनी मंत्रालयाच्या म्हणजे एमसीएच्या वेबसाईटवर टाका. कंपनी रजिस्टर आहे का, कधी झाली, चालू आहे की बंद पडली, हे तिथे दिसतं. काही बंद पडलेल्या असणारच, धंद्यात ते चालतं, पण एकही सापडली नाही तर समजून जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि मुलं हे कधीच विचारत नाहीत. तुमच्या आयडियाचा मालक कोण? २०१९ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी राष्ट्रीय नवोन्मेष आणि स्टार्टअप धोरण काढलं, एनआयएसपी. त्यात ढोबळ रीत अशी दिली आहे की संस्थेची लॅब, पैसा वापरून काही बनवलं तर त्याची मालकी दोघांची. आणि मुलाने संस्थेची साधनं न वापरता, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून नाही तर स्वतःच्या स्वतः बनवलं तर ते पूर्ण त्याचं. संस्था जागा, नाव, मदत देते त्या बदल्यात स्टार्टअपमध्ये २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते असंही त्यात आहे. पण हे मार्गदर्शक धोरण आहे, प्रत्येक संस्था आपलं स्वतःचं बनवते. तेव्हा त्यांचं स्वतःचं धोरण छापील मागा, हिस्सा किती, पेटंट कुणाच्या नावावर, अटेंडन्समध्ये सूट मिळते का, एक सेमिस्टर थांबून धंदा करता येतो का. फायनल इयरचा प्रोजेक्ट हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो हे विसरू नका, त्यातून धंदा काढायचा असेल तर आधी लेखी ठरवून घ्या. आणि पेटंटचा विचार असेल तर अर्ज करण्याआधी ती गोष्ट कुठल्या स्पर्धेत, पोस्टरवर, इन्स्टावर दाखवू नका, एकदा जगजाहीर झाली की पेटंट मिळणं अवघड होऊन बसतं.

पैशाचं बोलायचं तर केंद्राची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना २०२१ मध्ये आली, ती सुरुवातीला चार वर्षांसाठी होती, म्हणून अजून चालू आहे का ते आधी बघा, त्यात प्रोटोटाईप म्हणजे पहिल्या नमुन्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि पुढे बाजारात जायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा तत्सम रूपात मिळू शकतं. पण ते पैसे सरकार थेट देत नाही, निवडलेल्या इन्क्युबेटरमार्फत देतं. म्हणून तुमच्या युनिव्हर्सिटीचं इन्क्युबेटर त्यात निवडलेलं आहे का हा साधा प्रश्न विचारा. नसेल तरी बिघडलं नाही, दुसऱ्या इन्क्युबेटरकडे अर्ज करता येतो.

अजून एक गोष्ट आमच्या बाजूची. प्रोटोटाईप बनवायचा म्हणजे एक पीस बनवायचा, आणि रबाळ्यात किंवा वागळेला लेझर कटिंगवाला, व्हीएमसीवाला, पावडर कोटिंगवाला एक पीस घ्यायला तयार होत नाही, त्याचा सेटिंगमध्येच अर्धा दिवस जातो. जॉब वर्कवाल्याला शंभर पीस पाहिजेत. इथे युनिव्हर्सिटीच्या ओळखीची खरी परीक्षा होते, एखाद्या सरांनी फोन केला आणि तो शेठ म्हणाला पाठवा पोराला, शनिवारी करून देतो, तर ती इंडस्ट्री लिंक. रबाळ्यात ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, वागळेला लघुउद्योजकांची टिसा आहे, तुमच्या इन्क्युबेशन सेंटरच्या माणसाला त्यांच्यापैकी कुणी नावाने ओळखतं का, बघा.

पैसे भरायच्या आधी

बहुतेक खाजगी विद्यापीठं स्वतःची परीक्षा घेतात किंवा जेईई, एमएचटी-सीईटी, सीयूईटी यातला कुठलाही स्कोअर चालवतात, आणि त्यांची ॲडमिशन सरकारी कॅप राऊंडच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या, आधीच सुरू होते. मग सीट ब्लॉक करा म्हणून फोनवर फोन. घाबरून भरू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे ॲडमिशनच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा आणखी आधी रद्द केली तर सगळी फी परत, फक्त ५ टक्के आणि तेही जास्तीत जास्त ५,००० रुपये प्रोसेसिंगचे कापता येतात. शेवटच्या तारखेला १५ दिवसांहून कमी राहिले असतील तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, त्यानंतर काही नाही. काही वर्षी यूजीसी यापेक्षा मुलांच्या जास्त बाजूचा नियम काढतं, २०२४-२५ ला ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा होता, म्हणून तुमच्या वर्षीचं पत्रक यूजीसीच्या साईटवर बघा आणि प्रिंट काढून ठेवा. ओरिजिनल मार्कशीट, एलसी ठेवून घ्यायचा अधिकार त्यांना नाही, तपासून लगेच परत द्यायचे असतात.

स्कॉलरशिपबद्दल खूप गैरसमज आहे, लक्ष देऊन वाचा. राज्य सरकारने ८ जुलै २०२४ च्या जीआरने, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं, पण खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली, मॅनेजमेंट कोटाही वगळला. म्हणजे त्याच मुलीला कॅपमधून नेरुळच्या संलग्न कॉलेजात ही माफी मिळू शकते आणि शेजारच्या डीम्डमध्ये नाही. चार वर्षांचा हिशोब केला तर हा फरक कित्येक लाखांचा होतो. महाडीबीटी या राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवरच्या बाकी योजनांचंही असंच, तुमच्या योजनेच्या त्या वर्षीच्या जीआरमध्ये संस्थेचा प्रकार बसतो का ते आधी बघायचं. युनिव्हर्सिटी स्वतःची स्कॉलरशिप देते ती चांगली असते, फक्त दुसऱ्या वर्षीही राहते का, त्यासाठी किती पॉइंटर लागतो, हे लेखी घ्या.

फीचा पूर्ण कागद मागा, चारही वर्षांचा. ट्युशन, एक्झाम, डेव्हलपमेंट, डिपॉझिट, बस, हॉस्टेल, युनिफॉर्म, आणि हल्ली इंडस्ट्री सर्टिफिकेशन नावाची वेगळी फी असते ती. दरवर्षी किती टक्के वाढणार हे त्यात नसेल तर ईमेलवर विचारा, ईमेलचं उत्तर हा पुरावा असतो, फोनवरच्या काउन्सेलरचा शब्द नाही. पावती नसलेला एक रुपयाही देऊ नका, कुणी कितीही ओळखीचा असो.

लोन घ्यायचं असेल तर साधारणपणे ४ लाखांपर्यंत मार्जिन मनी, म्हणजे स्वतःच्या खिशातून घालायचा हिस्सा, लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी ही शैक्षणिक कर्जाची योजना मंजूर झाली, त्यात रँकिंगवरून निवडलेल्या ८६० संस्था घेतल्या, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांच्या लोनवर शिकत असतानाच्या काळात व्याजात ३ टक्के सूट. तुमची युनिव्हर्सिटी त्या यादीत आहे का हे पोर्टलवर दिसतं. हप्ता साधारण कोर्स संपून एक वर्षाने सुरू होतो, तोपर्यंत व्याज चढत असतं, जमेल तर तेवढं व्याज भरत राहा.

कॅम्पस बघायला कधी जायचं

ओपन डेला जाऊ नका. साध्या मंगळवारी-बुधवारी जा, सेमिस्टर चालू असताना. लॅबमधल्या मशिनवर प्लास्टिकचं कव्हर आहे का की ऑइलचा वास येतोय. बाहेरच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला, दादा इंटर्नशिप तू शोधलीस की कॉलेजने दिली, एवढं एकच विचारलं तरी पुष्कळ कळतं. मुलं खरं सांगतात.

येण्याजाण्याचं गणित पण त्याच दिवशी करा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरुळ, बेलापूर, पनवेल सरळ होतं, कल्याण-डोंबिवलीच्या मुलांना ठाण्याला गाडी बदलायची. खारघर स्टेशनपासून कॅम्पस आत असेल तर एनएमएमटीची बस किंवा रिक्षा, आणि नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो आहे, ती खारघरच्या आतल्या सेक्टरांतून जाते. भाताणला रोज ठाण्याहून जाणं म्हणजे पनवेलनंतर पुन्हा रस्त्याचा प्रवास, तिथे युनिव्हर्सिटीची बस किंवा हॉस्टेल धरूनच खर्च मांडा. पावसाळ्यात एकदा जाऊन बघितलंत तर उत्तम. रोज तीन-चार तास प्रवासात गेले तर संध्याकाळी इन्क्युबेशन सेंटरला कोण थांबणार?

ॲडमिशन झाल्यावर पहिला महिना

डिजिलॉकर आणि अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, करून घ्या, क्रेडिट त्यातच जमा होतात, नाव आधारवर आणि दहावीच्या मार्कशीटवर सारखं नसेल तर आत्ताच दुरुस्त करा, चौथ्या वर्षी धावपळ होते. रेल्वे पासच्या सवलतीचा फॉर्म ऑफिसमधून कुठल्या दिवशी मिळतो ते विचारा. अँटी-रॅगिंगचं हमीपत्र भरावं लागतं, आणि काही झालं तर १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय हेल्पलाईन नंबर आहे, फोनमध्ये सेव्ह करा, लाजायचं काही नाही.

पहिल्या वर्षी सगळ्या क्लबमध्ये नाव देऊ नका, एकच घ्या ज्यात हाताने काही बनवायला मिळतं.

आणि उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी एप्रिलपर्यंत थांबू नका, जानेवारी-फेब्रुवारीत लिहायला लागा, कारण मार्च एंडला आमच्याकडे डिस्पॅचची गडबड असते आणि कुणी मेल उघडत नाही. मेल छोटी ठेवा. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत येऊ शकता, रोज किती वाजता पोहोचाल, काय हाताने येतं, सोल्डरिंग, क्रिम्पिंग, ऑटोकॅड, एक्सेल, टॅली जे असेल ते, आणि तुम्ही बनवलेल्या एका गोष्टीचा फोटो. डीअर सर-मॅडम म्हणून पन्नास कंपन्यांना एकच मेल जाते ती आम्हाला ओळखू येते. त्यापेक्षा पाच कंपन्या निवडा, त्या काय बनवतात ते वाचा, मेल पाठवून दोन दिवसांनी सकाळी साडेदहाच्या सुमारास गेटवर जा, कॉलेजचं पत्र आणि आयकार्ड बरोबर ठेवा, सिक्युरिटीच्या काकांना सांगा की एचआर किंवा प्रॉडक्शनमधल्या कुणाला दोन मिनिटं भेटायचंय. लंच टाईम एक ते दोनला जाऊ नका, आणि पायात बूट घालून जा, चपलेवर शॉप फ्लोअरला सोडत नाहीत.